‘गेट’चे अर्थ पाठ करत बसू नकोस

पत्र:

मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. मागच्या महिन्यात नागपूरच्या एका खासगी कंपनीची फोनवर मुलाखत होती. घरात रेंज नसते म्हणून वावरात जाऊन धुऱ्यावरून बोलले. साहेबांनी कामाचे तास, पगार, सुट्ट्या सगळं इंग्रजीत सांगितलं आणि विचारलं, ‘डिड यू गेट दॅट?’ मला वाटलं त्यांनी मोबाइलवर काही पाठवलं आहे. मी म्हटलं, ‘नो सर, आय डिड नॉट गेट एनीथिंग. प्लीज सेंड अगेन.’ पलीकडे दोन-तीन जण हसले. ठेवताना ते म्हणाले, ‘वुई विल गेट बॅक टु यू.’ त्याचाही अर्थ लागला नाही. आम्हाला शाळेत ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच शिकवलं होतं. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर अर्थ संपेचनात. वहीची चार पानं भरली. भाऊ म्हणतो, ‘काऊन मेहनत करून राह्यली, हे आपल्या बसचं काम नाही.’ मॅडम, असे किती अर्थ पाठ करू? आणि त्या कंपनीला आता फोन करू की नको?

उत्तर:

बेटा, तुझं धुऱ्यावरचं वाक्य आधी नीट बघू. ‘आय डिड नॉट गेट एनीथिंग.’ यात व्याकरणाची एकही चूक नाही. ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात ठेवायचं, हे तू न अडखळता पाळलंस. एम.ए. झालेले लोक खुशाल ‘डिड नॉट गॉट’ म्हणतात आणि त्यांना कोणी हसत नाही, कारण ऐकणाऱ्यालाही चूक कळलेली नसते. तुझं वाक्य पक्कं होतं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

साहेबांनी एवढंच विचारलं होतं, ‘लक्षात आलं ना?’ त्यातला ‘दॅट’ म्हणजे आत्तापर्यंत ते जे बोलले ते सगळं. लक्षात आलं असेल तर ‘यस सर, आय गॉट इट’ म्हणायचं. अर्धंच आलं असेल तर ‘सॉरी सर, आय डिडन्ट गेट द लास्ट पार्ट. कुड यू रिपीट इट?’ म्हणायचं. पाठच करायचं असेल तर ही दोन वाक्यं कर, नोकरीच्या पहिल्या महिन्यात यांच्याइतकं काही कामाला येणार नाही. आपल्याकडे या जागी ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ म्हणायची पद्धत आहे. देशात चालून जातं, कोणी अडवत नाही. पण समजणे या अर्थाच्या ‘गेट’ला इंग्रजी माणूस सहसा ‘इंग’ लावत नाही, जसं तो ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणत नाही. ‘आय डिडन्ट गेट दॅट’ म्हटलं की पुरे.

आता वही. ती मिटून ठेव. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले आहेत. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही ते सांगता येणार नाहीत, तरी तो दिवसभर ‘रन’ वापरतो. कसं? जसं तू ‘लागणे’ वापरतेस तसं.

बघ ना. भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. चिखलदऱ्याच्या घाटात एसटीत कुणाला तरी गाडी लागतेच. विहिरीला पाणी लागतं, नसलं तर कर्ज अंगाला लागतं. भावाचं बोलणं मनाला लागतं. अमुक माझा मामेभाऊ लागतो. पोळ्याच्या दिवशी नेमका पाऊस यायला लागतो. आणि तुला नागपूरला जावं लागतं. यातले किती अर्थ तुला कुणी वहीत लिहून दिले होते? ‘लागणे म्हणजे काय’ असं एखाद्या परक्याने विचारलं तर तूही डोकं खाजवशील. ‘लागणे’चा अर्थ ‘लागणे’त नसतोच, तो त्याच्या आधी काय आलं त्यात असतो. भूक आली, मग लागली. निकाल आला, मग लागला.

इथेच मराठी माणसाच्या कानाची गोची होते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ते कानावर पडेपर्यंत बाकीचं सगळं येऊन गेलेलं असतं, म्हणून आपण क्रियापद ऐकलं की लगेच अर्थ लावून मोकळे होतो. इंग्रजीत क्रियापद अलीकडे, मधेच येतं, आणि त्याचा अर्थ ठरवणारा शब्द त्याच्यानंतर येतो. तुझ्या कानाने ‘गेट’ ऐकलं आणि सवयीने तिथेच ‘मिळणे’चा शिक्का मारला. थोडं थांबायचं. पुढचा शब्द येऊ द्यायचा. ‘गेट’ हा आपल्या सालदारासारखा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यासारखा आहे. त्याचं स्वतःचं असं एक काम नाही. मालक पुढे जे ठेवेल ते करतो, डवरा दिला तर डवरणी, बंडी जुंपली तर बाजार.

पुढे वस्तू आली तर बहुतेक वेळा ‘मिळणे’ किंवा ‘आणणे’. ‘शी गॉट अ जॉब’, तिला नोकरी मिळाली. पण ‘गेट मी दॅट फाइल’ म्हणजे ती फाइल आणून दे. ऑफिसात रुजू झाल्यावर हे दुसरं जास्त ऐकशील. ‘मी’ मधे आलं की कुणासाठी तरी आणायचं आहे, एवढी खूण ठेव.

पुढे जागा आली तर ‘पोहोचणे’. ‘आय विल गेट टु नागपूर बाय टेन.’ मात्र ‘होम’ आणि ‘देअर’ यांच्या आधी ‘टु’ लागत नाही, ‘गेट होम’, ‘गेट देअर’ एवढंच. उतरण्याला आपण सगळे ‘गेट डाउन’ म्हणतो, एसटीचे कंडक्टरसुद्धा. बाहेरचा माणूस बसमधून ‘गेट ऑफ’ होतो आणि कारमधून ‘गेट आउट’. ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’, जिच्यात वाकून बसावं लागतं तिला ‘इन’ आणि ‘आउट’. त्यामुळे तुला नेऊन सोडणारा कोणी कारचं दार उघडून ‘यू कॅन गेट आउट हिअर’ म्हणाला तर रागावू नकोस, तो हाकलत नाही.

पुढे गुण किंवा अवस्था सांगणारा शब्द आला तर ‘होणे’. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याबाबतीत आपण विदर्भातली माणसं पुस्तकी मराठीवाल्यांच्या पुढे आहोत. ‘इट इज गेटिंग डार्क’ याचं गाइडातलं भाषांतर ‘अंधार पडत आहे’ असतं. असं आपल्या गावात कोण बोलतं? आपण म्हणतो, ‘अंधार पडून राह्यला.’ ‘माय फादर इज गेटिंग ओल्ड’, बाबा म्हातारे होऊन राह्यले. ‘इट इज गेटिंग हॉट’, ऊन तापून राह्यलं. गोष्ट सुरू झाली आहे, पुरी झालेली नाही, हळूहळू त्या दिशेला चालली आहे, हा जो भाव ‘इज गेटिंग’मध्ये आहे तो आपल्या ‘होऊन राह्यला’त जसाच्या तसा बसतो. पुण्या-मुंबईकडे गेल्यावर ‘करून राह्यलो’ म्हटलं की लोक गालात हसतात. हसू दे. इंग्रजी शिकताना हेच ‘राह्यलो’ तुझ्या कामाचं आहे. ‘गेटिंग’ दिसलं की मनातल्या मनात ‘होऊन राह्यलं’ म्हणून बघायचं.

एका ठिकाणी मात्र ते फसवतं. ‘मले उशीर होऊन राह्यला’ याचं थेट ‘आय ॲम गेटिंग लेट’ होतं, आणि देशभर लोक तसंच म्हणतात. इंग्रजीत ‘इट इज गेटिंग लेट’ म्हणजे रात्र होत चालली. स्वतःला उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’.

याच ‘होणे’वाल्या ‘गेट’मधली एक बारीक गोष्ट कापसावर सांगते, म्हणजे विसरणार नाहीस. सीसीआयच्या, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ग्रेडर कापसात यंत्र खुपसून ओलावा बघतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून जास्त असेल तर गाडी परत. समज, त्याला इंग्रजीत बोलायची हौस आली आणि तो म्हणाला, ‘द कॉटन इज वेट.’ म्हणजे कापूस ओला आहे. आता कसा आहे एवढंच तो सांगतो. त्यावर शेतकऱ्याने म्हणायचं, ‘इट गॉट वेट लास्ट नाइट.’ म्हणजे काल रात्री ओला झाला, आधी कोरडा होता, घरून निघाला तेव्हा चांगला होता, वाटेत पाण्याने गाठलं. ‘इज’मध्ये नुसती हालत आहे, ‘गॉट’मध्ये हालत बदलल्याची हकिकत आहे. ‘आय ॲम मॅरिड’ आणि ‘आय गॉट मॅरिड’ यांतही हाच फरक. पहिलं फॉर्मवर लिहायचं, दुसरं मैत्रिणीला सांगायचं. (आणि नवऱ्याचं नाव घेताना ‘विथ’ नाही, ‘टु’. ‘गॉट मॅरिड विथ’ आपल्या पत्रिकांच्या इंग्रजीत फार बोकाळलं आहे.)

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर दोन शक्यता. ‘शी गॉट सिलेक्टेड’, तिची निवड झाली. पण मधे एखादी वस्तू बसली की अर्थ फिरतो. ‘आय गॉट द पंप रिपेअर्ड’, मी पंप दुरुस्त करून घेतला. पाना हातात मेकॅनिकने धरला, पैसे मी दिले. ‘आय रिपेअर्ड द पंप’ म्हटलंस तर पाना तुझ्याच हातात होता. मुलाखतीत हे जपून वापर. प्रोजेक्टची फाइल कुणाकडून टाइप करून घेतली असेल आणि ‘आय टाइप्ड इट’ म्हणालीस, तर पुढचा प्रश्न टायपिंगच्या वेगाचा येईल. सरकारी-खासगी फॉर्मवर ‘गेट युवर डॉक्युमेंट्स अटेस्टेड’ असं छापलेलं असतं, तेही हेच. साक्षांकित करून घ्या. तिथेही ‘मिळणे’ लावून लोक खिडकीवर विचारत बसतात की कागद कुठून मिळतील.

पुढे ‘टु’ आणि साधं क्रियापद आलं की शाळेतलं ‘मिळणे’ परत उपयोगी पडतं. ताडोब्याला गेलो, जिप्सीचे पैसे भरले, पहाटे उठलो, आणि वाघाऐवजी चितळं बघून आलो, हे आपल्यापैकी अनेकांच्या नशिबात असतं. ‘वुई डिडन्ट गेट टु सी अ टायगर.’ वाघ बघायला मिळाला नाही. हे मराठी आणि इंग्रजी इतकं जुळतं की मला शिकवताना मजा यायची.

पण त्याच्या आधी ‘हॅव’ असलं तर मात्र ते ‘लागणे’ होतं. ‘आय हॅव गॉट टु गो’, मला जावं लागेल. बोलताना हे ‘आय गॉटा गो’ इतकं आखडतं. ‘टु’ नसेल आणि पुढे माणूस किंवा वस्तू असेल तर नुसतं ‘आहे’, ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’. अमेरिकन सिनेमात ‘गॉटन’ ऐकलंस तर ती चूक समजू नकोस. ते जुनंच रूप आहे, इंग्लंडात मागे पडलं, अमेरिकेत टिकलं.

‘गेट अलाँग’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट अवे विथ’ असली लांबट मंडळी आहेत, त्यांच्या मागे आत्ताच लागू नकोस. वाचनात येतील तशी येतील. फक्त ‘गेट बॅक टु’ शिकून घे, कारण ते तुझ्या पत्रात आलं आहे. ‘वुई विल गेट बॅक टु यू’ म्हणजे ‘आम्ही तुम्हाला कळवू’. त्यात होकार नाही, नकारही नाही.

आता उच्चार. फोनवर तुझा घोटाळा व्हायला हेही एक कारण असावं. देवनागरीत आपण फाटकाचं गेट आणि हे क्रियापद दोन्ही एकसारखंच लिहितो, म्हणून दोन्ही एकसारखंच म्हणतो. फाटकाच्या गेटमधला ‘ए’ लांब आहे, शेवटी किंचित ‘इ’कडे झुकणारा. क्रियापदातला आखूड आहे, म्हणता म्हणता संपतो. शिवाय भरभर बोलणारा माणूस ‘गेट इट’ वेगवेगळं म्हणतच नाही, ‘गेटिट’ म्हणतो, अमेरिकन असेल तर ‘गेडिट’. ‘डिड यू’चं ‘डिजू’ होतं. वावरातल्या वाऱ्यात आणि तुटक रेंजमध्ये ‘डिजू गेदॅट’ एवढंच तुझ्यापर्यंत पोचलं असेल तर त्यातून तू ‘गेट’ ओळखलंस हेच पुष्कळ झालं.

बोलण्यातलं हे लाडकं ‘गेट’ अर्जात मात्र फार घालू नकोस. अर्जात ‘आय गॉट युवर लेटर’ ऐवजी ‘आय हॅव रिसीव्हड युवर लेटर’. दाखला ‘ऑब्टेन’ करायचा, पदवी ‘रिसीव्ह’ करायची. आमच्या शाळांनी हे अर्जाचं इंग्रजी तेवढं घासून शिकवलं आणि बोलायचं इंग्रजी वाऱ्यावर सोडलं, म्हणून पोरं ‘ऑब्टेन’ बिनचूक लिहितात आणि ‘गेट’ला अडतात. दोष तुझा नाही आणि एखाद्या गुरुजींचाही नाही. वर्गात पन्नास पोरं आणि परीक्षेत पत्रलेखन, मग गुरुजींनी बोलायला शिकवायचं कधी?

भावाचं म्हणणं फार मनावर घेऊ नकोस. त्याला एवढंच सांग की ‘गेट’ हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेकडून लुटालूट करत जे व्हायकिंग आले आणि इंग्लंडात वस्ती करून राहिले, त्यांच्या भाषेतल्या ‘गेटा’वरून तो आला. ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’ हेही त्यांचेच. बाहेरून आलेल्यांचे शब्द तिथल्या शेतकऱ्यांनी घेतले, वापरले, आपले केले. ते त्यांच्या बसचं होतं, तर तुझ्या का नाही?

आणि भाऊ मोबाइलवर क्रिकेट बघत असेलच. त्याच्या शेजारी बसून इंग्रजी कॉमेंट्री लाव. वर्गापेक्षा तिथे ‘गेट’ जास्त भेटेल. विकेट पडली की ‘गॉट हिम!’, म्हणजे सापडला. दोन धावा निघणार असतील तर ‘दे विल गेट टू’. डाव पुढे सरकला की ‘द पिच इज गेटिंग स्लोअर’. प्रत्येक वेळी पुढचा शब्द कोणता आला एवढंच टिपायचं, अर्थ लिहायचा नाही. डोळ्यांसमोर चेंडू असतो, त्यामुळे अर्थ आपोआप लागतो. भावाला ‘गॉट हिम’ आधीपासून समजतं, हे त्याच्या लक्षात आणून देऊ नकोस, नाहीतर शिकवायला बसेल.

राहिला कंपनीचा प्रश्न. महिना होत आला आहे, अजून कळवलं नसेल तर विचारण्यात काही वावगं नाही. फोन नको, मेसेज कर, कारण मेसेजला रेंज थोडी असली तरी चालते आणि लिहिताना विचार करायला वेळ मिळतो. त्यांच्या हसण्याचा उल्लेख करू नकोस. माफीही मागू नकोस. लिहायचं ते असं, अर्थात इंग्रजी अक्षरांत: ‘गुड मॉर्निंग सर. आय स्पोक टु यू लास्ट मंथ अबाउट द जॉब. आय अंडरस्टुड द वर्किंग अवर्स अँड द सॅलरी, अँड आय ॲम स्टिल इंटरेस्टेड. प्लीज लेट मी नो इफ द पोस्ट इज ओपन.’ खाली पूर्ण नाव, गाव, मोबाइल नंबर. या मेसेजात ‘गेट’ कुठेही नाही, मुद्दाम. ‘आय अंडरस्टुड’ वाचून त्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर जाईल.

सकाळी दहा-साडेदहाला पाठव, सोमवारी नको, सोमवारी ऑफिसात सगळे वैतागलेले असतात. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज टाक. पुन्हा फोनवर मुलाखत ठरली तर वेळ आदल्या दिवशीच मागून घे आणि रेंजसाठी तालुक्याला ओळखीच्या कुणाच्या घरी जाऊन बस. आणि उत्तर आलं, तर त्यांच्या वाक्यातलं ‘गेट’ मला जसंच्या तसं लिहून पाठव, पुढच्या सदरात घेते.